कुत्र्यांचा चिरकारी स्वादुपिंडदाह : मार्गासनी परिसरातील सांभाळ

कुत्र्याच्या स्वादुपिंडाला वारंवार किंवा सतत दाह होऊन त्या ग्रंथीतील कामाच्या पेशी नष्ट होतात आणि त्यांची जागा तंतुमय ऊतक घेते, त्या विकाराला चिरकारी स्वादुपिंडदाह म्हणतात. गेलेल्या पेशी सहसा भरून येत नाहीत, त्यामुळे हा विकार मुळापासून बरा होत नाही. तो आवरता मात्र येतो, आणि नीट सांभाळलेले कुत्रे वर्षानुवर्षे आनंदाने जगू शकते. औषधे लागतातच, तरी आवर घालण्याचे मुख्य साधन म्हणजे कुत्र्याचा रोजचा आहार. येथे या विकाराचा विचार राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यातील मार्गासनी व लगतचा भोर तालुका डोळ्यांसमोर ठेवून केला आहे. खेड्यात कुत्रे एका घराचे असले तरी खाते अनेक घरी. म्हणून तिथे त्याचे पथ्य सगळ्या आळीला पाळावे लागते.

परिसर. पुणे-सातारा महामार्गावरून चेलाडी फाट्याला वळून नसरापूरमार्गे वेल्ह्याकडे जाताना मार्गासनी लागते. साखर-गुंजवणे मार्गे राजगडावर जाणारे येथूनच वळतात. दांडगा पाऊस, भातखाचरे, नाचणी आणि दुभती जनावरे असा हा मुलूख आहे. घर-गोठा राखणारे गावठी कुत्रे इथे पूर्वापार आहे. शहरातल्या लोकांनी बांधलेल्या फार्महाऊसवर लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड यांसारख्या जाती दिसतात. गडाच्या वाटेवरची कुत्री गिर्यारोहकांच्या डब्यातल्या उरल्यासुरल्यावर वाढतात. तिन्ही प्रकारच्या कुत्र्यांचे खाणे वेगळे असल्याने पथ्य मोडण्याच्या वाटाही वेगळ्या आहेत.

ग्रंथी व विकार. स्वादुपिंड जठराच्या मागे व लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला लागून असते. त्याचा बहुतांश भाग पाचक रस तयार करतो. उरलेल्या अल्प भागातील पेशीपुंज इन्शुलिन व इतर संप्रेरके रक्तात सोडतात. प्रथिने पचवणारे ट्रिप्सिन ग्रंथीत निष्क्रिय रूपात साठवलेले असते आणि आतड्यात पोहोचल्यावर सक्रिय होते. ते ग्रंथीतच वेळेआधी सक्रिय झाले, तर ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. दाह एकाएकी भडकला तर त्याला तीव्र स्वादुपिंडदाह म्हणतात. तो मंदपणे धुमसत राहिला, अधूनमधून भडकला आणि मागे कायमचे व्रण ठेवत गेला, तर तो चिरकारी होय. ब्रिटनमध्ये सर्वसाधारण दवाखान्यांतील २०० कुत्र्यांच्या शवविच्छेदनाचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासण्याजोग्या ऊतकांपैकी सुमारे एकतृतीयांशात चिरकारी दाहाच्या खुणा आढळल्या. यांतील अनेक कुत्र्यांचा हा आजार जिवंतपणी कुणाच्या लक्षात आलेला नसतो, ही गोष्ट पाळणाऱ्यांनी गांभीर्याने घ्यावी.

कारणे. बहुतेक कुत्र्यांत नेमके कारण सापडत नाही. स्थूलपणा, रक्तातील ट्रायग्लिसराइडचे जास्त प्रमाण, एकाएकी पोटात गेलेले तेलकट-तुपकट अन्न आणि उकिरड्यावरचे खाणे यांनी धोका वाढतो. थायरॉइडची मंदगती, मधुमेह आणि कुशिंगचा विकार यांच्याशीही त्याचा संबंध दिसतो. आकडीवर दिले जाणारे पोटॅशियम ब्रोमाइड व फेनोबार्बिटल आणि ॲझाथायोप्रीन ही औषधे काही कुत्र्यांत कारणीभूत ठरतात. कॉकर स्पॅनियलमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणाच ग्रंथीवर उलटत असावी, असे पुरावे आहेत. मिनिएचर श्नाउझरमध्ये रक्तातील मेद वाढण्याची आनुवंशिक प्रवृत्ती असते. शेतीच्या परिसरात आणखी दोन बाबींकडे लक्ष हवे. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके पोटात गेल्यास स्वादुपिंडाला इजा होऊ शकते, म्हणून फवारणीचे डबे व रिकामी पाकिटे उघड्यावर टाकू नयेत. गोचिडांतून पसरणाऱ्या बबेशियाच्या संसर्गातही स्वादुपिंडदाह झाल्याच्या नोंदी आहेत. गोठा आणि कुत्रे एकाच अंगणात असले की गोचीड निर्मूलन दोन्हीकडे एकाच वेळी करावे लागते.

लक्षणे. तीव्र झटका चटकन ओळखू येतो. चिरकारी विकाराची लक्षणे मात्र फसवी असतात. कुत्रे एखादा दिवस खात नाही, गवत खाऊन ओकते, पोट गुडगुडते, शौच पातळ किंवा शेंबडासारखी होते, आणि दोन दिवसांनी पुन्हा नेहमीसारखे धावू लागते. घरचे म्हणतात, ‘काहीतरी खाल्लं असेल.’ असे महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा पुन्हा घडत असेल, तर स्वादुपिंडाची शंका घ्यावी. पोटदुखी कुत्रे लपवते. पुढचे पाय व छाती जमिनीला टेकवून मागचा भाग वर ठेवणे, पाठीला बाक काढून चालणे, उचलताना कण्हणे, ओट्यावर उडी मारण्याचे टाळणे, एकटे कोपऱ्यात बसणे या तिच्या खुणा होत. वारंवार उलट्या, पाणीसुद्धा न टिकणे, डोळे वा हिरड्या पिवळ्या पडणे, काळी वा रक्ताची शौच, उभे राहता न येणे यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठावा.

निदान. एकाच चाचणीवर निदान होत नाही. रक्तातील साध्या अमायलेज व लायपेजच्या आकड्यांवर विसंबता येत नाही. कुत्र्याच्या स्वादुपिंडातीलच लायपेज मोजणारी खास चाचणी अधिक उपयोगी आहे. तिच्या प्रयोगशाळेतील रूढ प्रकारात प्रतिलिटर २०० मायक्रोग्रॅमपर्यंतचे प्रमाण सामान्य आणि ४०० च्या वरचे स्वादुपिंडदाहाशी सुसंगत मानले जाते. चिरकारी विकारात मात्र दोन झटक्यांच्या मधल्या काळात ही चाचणीही सामान्य येऊ शकते. सोबत सोनोग्राफी, यकृत व मूत्रपिंडाच्या चाचण्या, साखर, ट्रायग्लिसराइड आणि गोचीडतापाची तपासणी करतात. खात्रीचे निदान ऊतकाचा तुकडा तपासूनच होते, पण त्यासाठी भूल व शस्त्रक्रिया लागत असल्याने ते क्वचितच केले जाते. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात प्राथमिक तपासणी व सलाईन मिळू शकते. पुढील तपासण्यांसाठी पुणे, किंवा महामार्गावरच असलेले शिरवळ येथील क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय हे पर्याय आहेत. जाताना मागील झटक्यांच्या तारखा, त्या आधी काय खाल्ले त्याची टिपणे आणि शौचाचे छायाचित्र सोबत न्यावे. निदानाला त्यांची मोठी मदत होते.

उपचार. झटक्याच्या वेळी शिरेतून द्रव, उलटी थांबवणारे मारोपिटंट किंवा ऑन्डॅनसेट्रॉन आणि पुरेसे वेदनाशामक हे उपचाराचे तीन आधार आहेत. पूर्वी स्वादुपिंडाला विश्रांती म्हणून कुत्र्याला कित्येक दिवस उपाशी ठेवत. आता उलटी आवरताच थोडे थोडे कमी मेदाचे अन्न सुरू करतात, कारण उपासाने आतड्याचे अस्तर दुबळे होते. जंतुसंसर्गाचा पुरावा नसेल तर प्रतिजैविकांची गरज नसते. प्रतिकारयंत्रणेच्या दोषाची शंका असल्यास काही कुत्र्यांना डॉक्टर प्रेडनिसोलोन देऊन पाहतात. बी-१२ जीवनसत्त्व कमी असेल तर ते भरून काढावे लागते. माणसांच्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या घरच्या घरी कदापि देऊ नयेत. त्यांमुळे कुत्र्याच्या जठरात रक्तस्राव आणि मूत्रपिंडाला इजा होते.

आहार. चिरकारी विकारात दर १,००० किलोकॅलरीमागे मेद सुमारे २० ग्रॅमच्या आत ठेवावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. सुमारे १८ किलो वजनाच्या प्रौढ गावठी कुत्र्याला दिवसाला जवळपास तेवढ्याच किलोकॅलरी लागतात. म्हणजे दिवसभराचा सारा मेद २० ग्रॅम. दीड मोठा चमचा तूप, किंवा ३०० मिलिलिटर म्हशीचे दूध, किंवा ४० ग्रॅम शेंगदाणे, यांतील कोणत्याही एकानेच हा हिशेब जवळजवळ संपतो. ‘एवढ्याशाने काय होतंय’ या बोलण्याला हे आकडे उत्तर देतात.

गावातच मिळणाऱ्या जिनसांतून पथ्याचे जेवण बसवता येते. मऊ शिजवलेला भात, कातडी काढून उकडलेले कोंबडीच्या छातीचे मांस, अंड्याचा पांढरा भाग, शिजवलेला लाल भोपळा, आणि सोसत असेल तर नाचणीची मऊ आंबील हे त्यातले मुख्य पदार्थ. मांसाचे पाणी वापरायचे असेल तर ते गार करून वर साचलेली चरबी काढून टाकावी. एका वेळच्या भरपेट जेवणाऐवजी दिवसाला तीन-चार लहान जेवणे द्यावीत. नुसत्या भात-कोंबडीवर महिनोन्महिने ठेवल्यास कॅल्शियम, आवश्यक मेदाम्ले व जीवनसत्त्वे कमी पडतात, म्हणून पुरके डॉक्टरांकडून ठरवून घ्यावीत. परवडत असल्यास कमी मेदाचे तयार पशुवैद्यकीय खाद्य सोयीचे पडते. मटण, चरबी, तळण, साय, लोणी, खोबरे, शेंगदाण्याची चटणी आणि अंड्यातील पिवळा भाग वर्ज्य. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका व चॉकलेट निरोगी कुत्र्यालाही विषारी ठरतात.

गावातील सांभाळ. कुत्र्याला भाकरीचा तुकडा टाकणे हा मराठी घराचा जुना धर्म आहे, आणि तो मोलाचाच आहे. आजारी कुत्र्यासाठी तो न सोडता बदलायचा असतो. मार्गासनीसारख्या गावात पथ्य मोडण्याच्या वेळा आधीच ठाऊक असतात : आखाडातले मटण, श्रावणातली शेंगदाण्याच्या कुटाची खिचडी, सणाची तूप घातलेली पुरणपोळी, दिवाळीचा फराळ, लग्नाची पंगत, यात्रेची कंदुरी. या दिवसांत कुत्रे बांधून ठेवावे किंवा घरात घ्यावे, उष्टी-खरकटी झाकलेल्या डब्यात ठेवावीत आणि हाडे पुरून टाकावीत. चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यातला घास कुत्र्याला देण्याची चाल अनेक घरांत आहे. त्या दिवशी कांदा-लसूण व फोडणी टाळून भाजलेल्या वांग्याचा गर आणि बिनतुपाच्या रोडग्याचा लहान तुकडा दिला, तर रीतही राहते आणि कुत्रेही सुखरूप राहते.

शेजाऱ्यांना ‘काही देऊ नका’ एवढेच सांगून भागत नाही. प्रेमाने देणारा हात थांबत नाही. त्यांच्या हाती घरून उकडलेल्या भोपळ्याच्या फोडी द्याव्यात, म्हणजे त्यांचा घासही कुत्र्याला मिळतो. गळपट्ट्याला ‘आजारी आहे, खायला देऊ नका’ अशी पाटी बांधावी; गडावर येणारे पाहुणे ती वाचून हात आवरतात. मुले व वडीलधारी यांना कारण समजावून सांगितले, तर तेच पथ्याचे सर्वांत चांगले राखणदार होतात. महिन्यातून एकदा वजन करावे. वहीत खाणे, शौच, उलटी आणि वागणे रोज एका ओळीत लिहावे. सततच्या काळजीने घरातला सांभाळणारा माणूस थकतो. म्हणून जेवणाच्या पाळ्या घरात वाटून घ्याव्यात.

पुढील गुंतागुंत. पाचक रस तयार करणाऱ्या सुमारे नव्वद टक्के पेशी नष्ट झाल्या की अन्न पचत नाही. कुत्रे अधाशासारखे खाते आणि तरीही वाळत जाते. शौच भरपूर, फिकट व तेलकट होते. अशा वेळी प्रत्येक जेवणात पाचक विकरांची पूड मिसळावी लागते. संप्रेरकांच्या पेशी गेल्यास मधुमेह होतो; तहान व लघवी वाढते आणि रोज इन्शुलिन टोचावे लागते. या औषधाचा इतिहास कुत्र्यांशीच जोडलेला आहे. १८८९ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे मिन्कोव्हस्की व फोन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढल्यावर मधुमेह होतो हे दाखवले. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग व बेस्ट यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतूनच इन्शुलिनयुक्त अर्क मिळवला. कोट्यवधी माणसांना वाचवणारे हे ज्ञान कुत्र्यांच्या वेदनेतून आले आहे. त्यांच्या दुखण्याची निगराणी करताना हे ऋण ध्यानात असावे.

भवितव्य. लवकर ओळख, काटेकोर पथ्य आणि वेदनेवर वेळीच इलाज या तिन्ही गोष्टी जुळल्या तर झटके विरळ होतात. औषधांनीही वेदना आवरेनाशी झाली, खाणे थांबले आणि वजन घटतच राहिले, तर दयामरणाविषयी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. तो निर्णयही मायेचाच असतो. बहुसंख्य कुत्र्यांच्या बाबतीत मात्र ती वेळ पुष्कळ पुढे ढकलता येते. त्यासाठी घरातल्या प्रत्येकाने आणि शेजारच्या प्रत्येक दाराने एकच पथ्य पाळायला हवे.