न फिरणारं कडं

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर काकूनं घर आवरायला काढलं, तेव्हा काकांच्या टेबलाच्या खणात तो चाकू सापडला. घडीचा, लाकडी मुठीचा, पात्यावर मुकुट आणि हात कोरलेला. नातेवाइकांपैकी जे हे वाचतात त्यांना तो नक्की आठवेल. काका सत्तरच्या दशकात दोन वर्षं फ्रान्समध्ये ग्रनोबलला होते. परत निघताना घरमालकिणीनं आपल्या वारलेल्या नवऱ्याचा चाकू त्यांना दिला. मग पेन्सिलींना टोक काढणं, पार्सलच्या सुतळ्या कापणं, आंबे चिरणं, सगळं त्यावरच.

"तूच ने," काकू म्हणाली. "तुला असल्या वस्तूंचं वेड."

वेड आहे खरं. स्वस्तातले जुने चाकू घ्यायचे, गंज काढायचा, मूठ आपल्या हाताच्या बेताची करायची आणि रोज खिशात बाळगायचे. काकांचा चाकू ओपिनेल निघाला, आणि ओपिनेल म्हणजे या छंदाची बाराखडी! स्प्रिंग नाही, स्क्रू नाही. लाकडाची एक सलग मूठ, तिला पडलेली खाच, पातं, एक रिव्हेट आणि मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडं. बिघडवावं म्हटलं तरी फार बिघडत नाही (असं मला वाटत होतं).

हल्लीच्या ओपिनेलचं कडं फिरतं. पातं उघडून कडं फिरवलं की ते अडकतं, बोटावर मिटत नाही. काकांच्या चाकूचं कडं काही केल्या फिरेना. इतक्या वर्षांचा गंज, दुसरं काय? तेल सोडलं, रात्रभर ठेवलं. सकाळी फडकं गुंडाळून पक्कड लावली. मग फडक्याशिवाय लावली. कड्यावर चार खोल ओरखडे उठले, कडं तिथल्या तिथंच.

म्हटलं राहू दे, आधी मूठ करू. मुठीला एका बाजूनं खळगा पडला होता, त्यामुळे ती वाकडी दिसत होती. कानस, मग १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २४०, मग ४००. शेवटी जवसाचं तेल पाजलं. पातं व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं. साध्या पोलादावर त्यानं राखाडी थर चढतो आणि लाल गंज जरा लांब राहतो. चाकू देखणा झाला. दोन दिवस मी खूश होतो.

तिसऱ्या दिवशी कड्याचं कोडं सोडवायला वाचायला बसलो.

हा चाकू आल्प्समधल्या सावोआ प्रांतातला. तो फ्रान्सकडे आला १८६० साली. तिथल्या मोरिएन खोऱ्यात एका वाडीवर ओपिनेल घराणं कुऱ्हाडी, कोयते, छाटणीच्या सुऱ्या घडवायचं. आपल्याकडच्या गावच्या लोहारासारखंच. त्यांच्यातल्या जोसेफला, जन्म १८७२चा, यंत्रांचं खूळ. १८९०मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यानं हा घडीचा चाकू बनवला. बापाला पोराचं यंत्रावर माल काढणं पसंत नव्हतं, हातानं घडवलेलं तेच खरं असा त्याचा हट्ट. पण जोसेफनं मुठीला खाच पाडायचं यंत्र केलंच. पातं मावेल एवढंच लाकूड ते काढायचं, त्यामुळे मूठ मजबूत राहिली आणि किंमत शेतकऱ्याच्या आवाक्यात. १८९७पर्यंत एक ते बारा नंबरांचे चाकू झाले होते. १९०९मध्ये छाप नोंदला गेला. हात सँ-झाँ-द-मोरिएन गावाच्या चिन्हातला, मुकुट सावोआच्या जुन्या राजघराण्याचा. फेरीवाल्यांनी तो गावोगाव नेला, आणि शाँबेरी स्टेशनजवळच्या दुकानातून घेऊन रेल्वेच्या कामगारांनी रुळांच्या वाटेनं दूरवर. जाहिरातीपेक्षा हे बरं.

आता कडं. फिरणारं कडं आलं १९५५मध्ये, मार्सेल ओपिनेलनं काढलेलं. त्याआधी मोठ्या चाकूंनाही नुसतं बसवलेलं कडं असायचं. दोन ते पाच नंबरच्या लहान चाकूंना आजही फिरणारं कडं नसतं, पण काकांचं पातं साडेआठ सेंटिमीटरचं, म्हणजे आठ नंबर. थोडक्यात, हा चाकू १९५५च्या आधीचा. मी ज्याच्याशी पक्कड घेऊन झुंजलो ते अडकलेलं नव्हतंच. फिरण्यासाठी ते केलंच नव्हतं.

आणि तो खळगा? काका वापरायला लागायच्या आधी निदान पंधरा वर्षं तो चाकू दुसऱ्या कुणाच्या तरी खिशात होता. सगळा खळगा काकांच्या अंगठ्याचा, की आधीच्या मालकानं सुरुवात केली आणि काकांनी पुढं चालवला? तो कुठल्या हाताला बसतो हे तरी बघता आलं असतं, काका डावखुरे होते. त्याचा भुसा मी वर्तमानपत्रात गुंडाळून टाकून दिला होता.

मला छंद सोडायचा नाहीये. नवा बीचच्या लाकडाचा ओपिनेल घेऊन त्याची मूठ खुशाल कोरा, अक्रोडाची नवी बसवा, माझं काही म्हणणं नाही. पण वापरून झिजलेली मूठ आणि बिघडलेली मूठ यांतला फरक मला कानस उचलण्याआधी कळायला हवा होता.

जुलैमध्ये चाकू काकूला दाखवायला नेला. तिनं तो तळहातावर घेतला, अंगठा मुठीवरून फिरवला, परत फिरवला.

"गुळगुळीत केलास."

"हो."

ती काही बोलली नाही. स्वयंपाकघरात गेली, लिंबू घेऊन आली आणि पातं उघडायला लागली. उघडेना. पावसाळी हवेत लाकूड फुगतं आणि पातं धरून ठेवतं, मी पाजलेलं तेलही कमी पडलं होतं. मी हात पुढं केला तर तिनं चाकू उलटा धरला आणि मुठीचं बूड टेबलावर ठक्कन आपटलं. पात्याचं टोक वर आलं. काका जेवणाच्या टेबलावर असंच आपटायचे आणि आम्ही पोरं दचकायचो. ती त्यांची लहर, असं आम्ही समजत होतो. सावोआत याला 'सावोआवाल्याचा ठोका' म्हणतात, हे मी नुकतंच वाचलं होतं. काकांना तो घरमालकिणीनं शिकवला असणार.

काकूनं लिंबू चिरलं, पातं पदराला पुसलं आणि चाकू आपल्या बाजूला ठेवला. मी निघताना तो मागितला नाही.