दाबोळी : एका धावपट्टीचे दोन धनी

१/८
१५ ऑगस्ट १९५५. गोव्यात शिरलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला. त्यानंतर भारताने सीमा बंद केली. मुरगावहून कॅसलरॉककडे जाणारी रेल्वेही थांबली. तीन बाजूंना भारत आणि चौथ्या बाजूला अरबी समुद्र, अशा स्थितीत गोवा बेटासारखा एकाकी पडला.

२/८
या बेटाला बाहेर पडण्यासाठी समुद्र आणि आकाश हेच मार्ग उरले. गव्हर्नर-जनरल बेनार्द गेदिश यांच्या कारकिर्दीत मुरगाव बंदराजवळ, दाबोळीच्या पठारावर विमानतळ उभा राहिला होता. १९५५ मध्येच पोर्तुगीज भारताची स्वतंत्र विमानकंपनी स्थापन झाली. तिची विमाने दमण, दीव आणि कराचीला जात. भारताने अडवलेली वाट पोर्तुगीजांनी कराचीमार्गे काढली.

३/८
म्हणूनच १८ डिसेंबर १९६१ रोजी 'ऑपरेशन विजय' सुरू होताच दाबोळीवर हल्ला झाला. विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली पुण्याहून निघालेल्या १२ कॅनबेरा विमानांनी धावपट्टीवर बॉम्बवर्षाव केला. धावपट्टी निकामी करावी, मात्र विमानतळाच्या इमारती शाबूत राखाव्यात, असा आदेश होता.

४/८
त्या रात्री तळावरील दोन पोर्तुगीज प्रवासी विमाने धावपट्टीच्या वापरण्याजोग्या तुकड्यावरून अंधारात उडाली आणि कराचीला निसटली. दुसऱ्याच दिवशी गव्हर्नर-जनरल व्हासालो इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली.

५/८
आता हा विमानतळ कोणाचा? त्या काळात गोव्याचा कारभार लष्करी राज्यपाल मेजर जनरल के. पी. कँडेथ यांच्या हाती होता. एप्रिल १९६२ मध्ये दाबोळीचा ताबा नौदलाकडे गेला. गोव्याचे पहिले लोकनियुक्त सरकार डिसेंबर १९६३ मध्ये आले. तोवर हा निर्णय होऊन गेला होता.

६/८
नौदलाची निकडही खरी होती. विमानवाहू नौका 'विक्रांत' १९६१ मध्येच ताफ्यात आली होती. अशी नौका बंदरात उभी असताना तिची लढाऊ विमाने उडू शकत नाहीत. त्यांना किनाऱ्यावर घर लागते. १९६४ मध्ये 'आयएनएस हंसा' हा तळ कोइम्बतूरजवळून दाबोळीला आला. सी हॉक, सी हॅरिअर आणि मिग-२९के या विमानांच्या पिढ्या येथेच नांदल्या.

७/८
दरम्यान गोवा पर्यटकांचा झाला. प्रवासी वाढले, परदेशातून चार्टर विमाने येऊ लागली. परंतु धावपट्टी आणि हवाई वाहतूक नियंत्रण नौदलाकडेच राहिले. लष्करी सरावासाठी कामाच्या दिवशी सकाळचे काही तास प्रवासी विमानांना मज्जाव असे. नौदलाने दाबोळी सोडावी, ही मागणी गोव्याच्या राजकारणात वर्षानुवर्षे होत राहिली.

८/८
अखेर नौदल हलले नाही. पेडणे तालुक्यातील मोपा येथे नवा विमानतळ उभा राहिला आणि जानेवारी २०२३ मध्ये तेथून उड्डाणे सुरू झाली. आता चिंतेची दिशा उलटली आहे : नागरी वाहतूक मोपाकडे गेली, तर दक्षिण गोव्याचे काय? एके काळी नौदलाला हटवू पाहणारे गोवेकर आज दाबोळीवर प्रवासी विमाने उतरत राहावीत, असा आग्रह धरीत आहेत.