रात्रीच्या संवादकार्यक्रमाचा उदय आणि ऱ्हास : ‘चला हवा येऊ द्या’ (२०१४–२०२४)

१. प्रश्नाचे स्वरूप

झी मराठी वाहिनीवर ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालेला ‘चला हवा येऊ द्या’ हा रात्रीचा कार्यक्रम मार्च २०२४ मध्ये बंद झाला. साडेनऊ वर्षे हा काळ राजवटींच्या इतिहासात अल्प असला तरी दूरचित्रवाणीच्या इतिहासात दीर्घच मानावा लागतो. कार्यक्रम बंद पडल्याची जी कारणे सर्वत्र सांगितली गेली ती तीन होत : प्रमुख कलावंत एकामागून एक सोडून गेले, विनोदात तोचतोचपणा आला, आणि प्रेक्षकसंख्या घटली. ही तिन्ही विधाने खोटी नाहीत. तथापि ती ऱ्हासाची लक्षणे आहेत. त्यांना ऱ्हासाची कारणे म्हणता येत नाही. कलावंत त्यापूर्वीही बदलले होते आणि विनोदाची पुनरावृत्ती हा तर अशा कार्यक्रमाचा स्थायीभावच असतो. ज्या गोष्टी भरभराटीच्या काळात जाचक ठरल्या नाहीत त्याच पुढे घातक का ठरल्या, हा खरा प्रश्न आहे. या कार्यक्रमाचे बळ पाहुण्याच्या संस्थेवर आधारलेले होते आणि त्या संस्थेचा आधार ढळला तेव्हा त्याची पडझड सुरू झाली, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपाद्य आहे.

२. पूर्वपीठिका

मुंबई दूरदर्शन केंद्राचा प्रारंभ २ ऑक्टोबर १९७२ रोजी झाला. त्याच महिन्यात तबस्सुम यांनी ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ हा हिंदी कार्यक्रम सुरू केला. भारतीय दूरचित्रवाणीवरील पहिला संवादकार्यक्रम म्हणून त्याची गणना होते. बालकलाकार म्हणून चित्रपटात आलेल्या आणि आकाशवाणीवर रुळलेल्या तबस्सुम यांना चित्रसृष्टी घरच्यासारखी होती. पडद्यावर दुरून दिसणारा नट त्यांच्यासमोर खुर्चीवर बसून साधेपणाने बोलत असे. त्या काळी असे बोलणे ऐकण्याची दुसरी सोय घरात नव्हती. केंद्र एक, प्रक्षेपणाचे तास मोजके. त्यामुळे या भेटीला दुर्मिळतेचे मोल होते.

हे मोल टप्प्याटप्प्याने घटत गेले. १९८२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम व रंगीत प्रक्षेपण आले, १९८४ मध्ये ‘हम लोग’पासून प्रायोजित मालिकांचे युग सुरू झाले, १९९१ मध्ये स्टार आणि ऑक्टोबर १९९२ मध्ये झी या उपग्रहवाहिन्या आल्या. १९९३ मध्ये, एकवीस वर्षांनी, तबस्सुम यांचा कार्यक्रम थांबला. निवेदिकेचे कौशल्य तेव्हा ओसरले होते असे म्हणण्यास आधार नाही. ज्या भेटीसाठी लोक वाट पाहत ती भेट आता अनेक दारांनी घरात येऊ लागली होती.

उपग्रहवाहिन्यांनी या प्रकाराला दुसरे वळण दिले. १९९७ मध्ये सोनी वाहिनीवर शेखर सुमन यांचा ‘मूवर्स अँड शेकर्स’ आला. आरंभी चालू घडामोडींवरील उपहासात्मक निवेदन, जोडीला वाद्यवृंद आणि मग पाहुणा, ही त्याची घडण अमेरिकेतील रात्रीच्या कार्यक्रमांवरून घेतलेली होती. मराठीत मात्र हा प्रकार रुजला तो निराळ्या मुळावर.

३. कार्यक्रमाची घडण

‘चला हवा येऊ द्या’चे लेखन, दिग्दर्शन आणि सूत्रसंचालन अशा तिन्ही जबाबदाऱ्या नीलेश साबळे यांनी सांभाळल्या. भाऊ कदम, कुशल बद्रिके, सागर कारंडे, भारत गणेशपुरे आणि श्रेया बुगडे हा त्यांचा मूळ संच. या कार्यक्रमाची अंगे तीन : गाव, पाहुणा आणि पत्र.

‘थुकरटवाडी’ हे कल्पित गाव म्हणजे कार्यक्रमाची रंगभूमी. तमाशाच्या गण, गवळण, बतावणी, वग या क्रमातील बतावणीशी तिचे नाते स्पष्ट दिसते. बतावणीत सोंगाड्या प्रतिष्ठिताला बोलण्यात गुंतवतो, शब्दाचा अर्थ फिरवतो आणि त्याची प्रतिष्ठा क्षणभर खाली उतरवतो. येथेही तेच घडे. गाजलेल्या चित्रपटाचे विडंबन त्याच चित्रपटाच्या नायकासमोर होई आणि त्याला ते हसून स्वीकारावे लागे. पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याची जुनी रीत येथे पुन्हा अवतरली. गणेशपुरे यांच्या वऱ्हाडी बोलीसारख्या प्रादेशिक बोलींना मुंबईच्या वाहिनीवर मानाचे स्थान मिळाले.

पाहुणा हे दुसरे अंग. बहुतेक वेळा नव्या मराठी चित्रपटाचा किंवा नाटकाचा संच प्रदर्शनापूर्वी तेथे येई. अल्प भांडवलावर निघणाऱ्या मराठी चित्रपटास मोठी जाहिरात परवडत नसे. या मंचावरील एका रात्रीने ते काम साधे, आणि वाहिनीस नामवंत पाहुणे आयते मिळत. ‘सैराट’ हा चित्रपट २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. त्याचा संचही येथे येऊन गेला. त्याच वर्षी ‘फॅन’ या हिंदी चित्रपटाच्या निमित्ताने शाहरुख खान या मंचावर आला. हिंदी चित्रसृष्टीने मराठी प्रेक्षकांपर्यंत पोहोचण्यासाठी मराठी कार्यक्रमाचे दार ठोठवावे, ही घटना व्यवहाराच्या दृष्टीने जितकी महत्त्वाची तितकीच मानाच्या दृष्टीनेही होती.

तिसरे अंग पत्राचे. अरविंद जगताप यांनी लिहिलेली पत्रे सागर कारंडे पोस्टमनच्या वेशात वाचून दाखवीत. हास्याच्या भरात एकाएकी शेतकऱ्याचे, सैनिकाचे किंवा घरापासून दूर असलेल्या माणसाचे दुःख समोर येई आणि पाहुण्यांचे डोळे पाणावत. ही पत्रे पुढे पुस्तकरूपानेही प्रसिद्ध झाली. विनोदाला गांभीर्याची जोड देणारे हे अंग नसते तर कार्यक्रम निव्वळ प्रहसनांची मालिका ठरला असता.

४. प्रेक्षक आणि स्थळ

अशा कार्यक्रमाचा प्रेक्षक कोठे व कसा घडला हे पाहण्यास वसई खाडीच्या उत्तरेचा पट्टा उपयुक्त आहे. नायगाव स्थानकाच्या पूर्वेस असलेले जूचंद्र हे मूळचे आगरी वस्तीचे गाव. भोवतालची मिठागरे, चंडिकादेवीचे मंदिर आणि व्यक्तिचित्रांच्या रांगोळ्या काढणारे कलावंत ही त्याची ओळख. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली आणि गाव नगरात समाविष्ट झाले. त्याच्या आसपास वाढलेल्या वसाहतींत राज्याच्या निरनिराळ्या भागांतून आलेली कुटुंबे राहू लागली. थुकरटवाडीसारखे गाव, जे कोणत्याच जिल्ह्यात नाही आणि म्हणून सर्वांचेच आहे, अशा मिश्र वस्तीला जवळचे वाटावे हे स्वाभाविक होय.

वेळेचाही विचार केला पाहिजे. पश्चिम रेल्वेने मुंबईस जाऊन येणाऱ्या नोकरदारास रात्री साडेनऊ ही जेवणाची, घरच्या मंडळींसह बसण्याची वेळ. आरंभी सोमवार-मंगळवारी याच वेळी कार्यक्रम दाखवला जाई. एका खोलीतील एक संच आणि त्यासमोर तीन पिढ्या ही त्याची गृहीत बैठक होती. म्हणूनच विनोद आजीलाही कळेल आणि नातवासमोरही चालेल असा ठेवावा लागे. पुढे नायगाव परिसरात मालिकांच्या चित्रीकरणासाठी स्थायी देखावे उभे राहिले आणि १९७२ मध्ये वरळीहून प्रक्षेपण स्वीकारणारा हा प्रदेश स्वतःच निर्मितीचे ठिकाण बनला. तथापि निर्मिती दाराशी आली त्याच काळात घरातील ती सामाईक बैठक मोडू लागली होती.

५. ऱ्हासाचे टप्पे

पहिला टप्पा बैठकीच्या विघटनाचा. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि भ्रमणध्वनीवर चित्रफिती पाहणे अत्यंत स्वस्त झाले. कार्यक्रमातील गाजलेले प्रवेश तुटक स्वरूपात हातोहात फिरू लागले. यामुळे कीर्ती वाढली, परंतु संपूर्ण भाग पाहण्याची निकड कमी झाली. विडंबनाचा तुकडा तोडून पाहता येतो. पाहुणा, प्रहसन आणि पत्र यांचा परस्परसंबंध मात्र तुकड्यात उरत नाही.

दुसरा टप्पा पाहुण्याच्या अवमूल्यनाचा. तोच नट प्रदर्शनाच्या आठवड्यात अनेक वाहिन्यांवर, संकेतस्थळांवर व स्वतःच्या समाजमाध्यमखात्यावर दिसू लागला. त्याच्याशी होणारी भेट हा आता प्रसंग राहिला नाही. त्यातच ऑगस्ट २०१८ मध्ये सोनी मराठीवर ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ सुरू झाली. पाहुण्याच्या आधाराशिवाय, केवळ प्रहसनांच्या बळावर विनोद उभा राहू शकतो, हे तिने दाखवून दिले. ‘चला हवा येऊ द्या’नेही ‘होऊ दे व्हायरल’, ‘सेलिब्रिटी पॅटर्न’, ‘लेडीज जिंदाबाद’ अशी पर्वे करून स्पर्धेचा मार्ग धरला. संवादाकडून स्पर्धेकडे झालेले हे वळण म्हणजे मूळ घडण अपुरी पडत असल्याची कबुलीच होती.

तिसरा आणि निर्णायक टप्पा महामारीचा. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातील चित्रपटगृहे बंद झाली. नोव्हेंबर २०२० मध्ये निम्म्या क्षमतेने ती उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा सुरू झाली. दूरचित्रवाणीचे चित्रीकरण त्यामानाने लवकर सुरू झाले. परंतु प्रदर्शित व्हावयाचा चित्रपटच नसेल तर त्याचा संच कोठून येणार? पाहुण्यांचा ओघ आटला आणि दीड वर्ष कार्यक्रमास स्वतःच्याच मंडळींवर गुजराण करावी लागली. विनोदातील जी पुनरावृत्ती पूर्वी दर आठवड्याच्या नव्या चेहऱ्यांमुळे झाकली जात होती ती आता उघडी पडली.

याच सुमारास मराठी वाहिन्यांतील अग्रस्थान झी मराठीकडून स्टार प्रवाहकडे गेले. त्यानंतरची कलावंतांची पांगापांग ही अखेरची अवस्था होय. सागर कारंडे आधीच बाहेर पडले होते; २०२४ च्या आरंभी साबळे यांनी कार्यक्रम सोडला आणि एप्रिलमध्ये कलर्स मराठीवर भाऊ कदम यांच्यासह नवा कार्यक्रम आणला. एकाच व्यक्तीकडे लेखन, दिग्दर्शन व निवेदन ही तिन्ही सूत्रे असलेली संस्था त्या व्यक्तीमागे तशीच चालणे शक्य नव्हते.

६. प्रतिपक्षाचा विचार

यावर असा आक्षेप घेता येईल की, ऱ्हास झालाच नाही. प्रेक्षक केवळ संचाकडून भ्रमणध्वनीकडे सरकला. बार्क या संस्थेचे साप्ताहिक आकडे घरातील दूरचित्रवाणी संचांवर आधारलेले असतात आणि हातातील यंत्रावरील प्रेक्षण त्यांत उतरत नाही, हे खरे आहे. परंतु या आक्षेपाने मूळ प्रतिपादन अधिक दृढच होते. संवादकार्यक्रमाचे मर्म प्रेक्षकांच्या बेरजेत नाही. ठरलेल्या वेळी एकत्र होणाऱ्या भेटीत ते आहे. अमेरिकेतही, १९९३ पासून चालत आलेला ‘द लेट शो’ मे २०२६ मध्ये थांबवण्याचा निर्णय सीबीएस या प्रसारणसंस्थेने जुलै २०२५ मध्ये जाहीर केला आणि त्यासाठी आर्थिक कारण दिले. त्या कार्यक्रमातील प्रवेशांचेही तुकडे भ्रमणध्वनीवर मोठ्या प्रमाणावर पाहिले जात होते.

७. निष्कर्ष

दोन्ही मुख्य उदाहरणे एकत्र ठेवली असता असे दिसते की, संवादकार्यक्रम हा निवेदकाच्या गुणांवर उभा राहतो, पण टिकतो तो भेटीच्या दुर्मिळतेवर. तबस्सुम यांच्या काळी ती दुर्मिळता एकमेव केंद्रामुळे होती. थुकरटवाडीत ती मराठी चित्रपटाला दुसरे व्यासपीठ नसल्यामुळे होती. जुलै २०२५ मध्ये ‘चला हवा येऊ द्या’ याच नावाने अभिजीत खांडकेकर यांच्या निवेदनाखाली नवे पर्व सुरू झाले. त्याचा पाया नवोदित विनोदवीरांची स्पर्धा हा आहे. नाव पुनरुज्जीवित झाले, पाहुण्याची संस्था झाली नाही.

यात जी हानी झाली ती एका कार्यक्रमापुरती नाही. अल्प भांडवलाच्या मराठी चित्रपटास एका रात्रीत घराघरांत ओळख करून देणारे सामाईक अंगण नाहीसे झाले आणि त्याची जागा घेईल असे दुसरे स्थळ त्यानंतर उभे राहिलेले नाही. इतिहासाच्या अभ्यासकापुढेही यातून एक निराळी अडचण उभी राहते. साधनांची येथे वाण नाही. परंतु ती बहुतांशी तुकड्यांच्या रूपात हाती येतात. लोकप्रिय झालेला प्रवेश सहज सापडतो. त्याआधी पाहुणा काय बोलला आणि त्यानंतर कोणते पत्र वाचले गेले, हा क्रम शोधून लावावा लागतो. तो क्रम लावल्याशिवाय या कार्यक्रमाने साडेनऊ वर्षे मराठी घरांना रात्री एकत्र का बसवले, याचे उत्तर मिळणार नाही.