टेबलावरचा संगणक पिशवीत कसा आला?

१/७
‘हा लॅपटॉप घेतला, तर डेस्कटॉपची गरज उरणार नाही ना?’ दुकानात आज सहज विचारला जाणारा हा प्रश्न चाळीस वर्षांहून जुना आहे. त्याचे उत्तर दर पिढीत बदलत गेले.

२/७
एप्रिल १९८१. बालपण तामिळनाडूत घालवलेल्या ॲडम ऑस्बोर्न यांनी ‘ऑस्बोर्न १’ बाजारात आणला. किंमत १,७९५ डॉलर, वजन सुमारे ११ किलो, पडदा अवघा ५ इंचांचा. आत बॅटरी नव्हती. तो उचलून नेता येई. चालवण्यासाठी मात्र विजेचे सॉकेट शोधावे लागे.

३/७
नोव्हेंबर १९८२ मध्ये जाहीर झालेला ‘कॉम्पॅक पोर्टेबल’ त्याहूनही जड होता. तरीही १९८३ मध्ये त्याचे ५३,००० नग विकले गेले. कारण आयबीएम पीसीची सॉफ्टवेअर त्यावर जशीच्या तशी चालत. ग्राहकाने वजन सोसले, पण कामात तडजोड केली नाही.

४/७
१९९२ मध्ये ॲपलने निराळा मार्ग काढला. सुमारे दोन किलोंचा ‘पॉवरबुक ड्युओ’ घरी येताच एका मोठ्या डॉकमध्ये सरकवायचा, जशी व्हीसीआरमध्ये कॅसेट! फ्लॉपी ड्राइव्ह आणि मोठ्या मॉनिटरची जोडणी डॉकमध्ये असे. सारेच ओझे सोबत वाहण्याची आवश्यकता उरली नाही.

५/७
२००० नंतर काही उत्पादकांनी थेट डेस्कटॉपचा पेंटियम ४ लॅपटॉपमध्ये बसवला. ३.०६ गिगाहर्ट्‌झच्या या चिपला सुमारे ८० वॉट वीज लागे. ती सारी अखेर उष्णतेत रूपांतरित होई. परिणामी यंत्र जाडजूड झाले, पंखे घोंगावू लागले आणि बॅटरी लवकर संपू लागली. चिप फार तापली की स्वतःचा वेग कमी करून घेई. मोजलेली किंमत तेथेच वाया जाई.

६/७
मार्च २००३ मध्ये इंटेलने ‘पेंटियम एम’ आणला. त्याची रचना इस्रायलमधील हैफा येथे झाली. १.६ गिगाहर्ट्‌झची ही चिप सुमारे २५ वॉटमध्ये चाले आणि अनेक कामांत अधिक गिगाहर्ट्‌झच्या पेंटियम ४ ची बरोबरी करी. केवळ गिगाहर्ट्‌झ पाहून सामर्थ्य ठरवण्याचा काळ येथेच मावळू लागला.

७/७
२००८ च्या तिसऱ्या तिमाहीत जगभरात लॅपटॉपची विक्री प्रथमच डेस्कटॉपच्या पुढे गेली. उष्णतेचा नियम मात्र बदललेला नाही. आजही एकाच नावाचे ग्राफिक्स कार्ड डेस्कटॉपमध्ये अधिक आणि लॅपटॉपमध्ये कमी वॉटवर चालते. म्हणून निवड करताना सर्वोच्च वेग किती, यापेक्षा तो वेग तासभर टिकतो का, हे पाहणे अधिक महत्त्वाचे. आणि यंत्र बहुतेक वेळ टेबलावरच राहणार असेल, तर डेस्कटॉप अजूनही हरलेला नाही.