गिरमिट

आपल्याकडे गिरमिट म्हटले की सुताराचे लाकडाला भोक पाडायचे हत्यार. फिजीतल्या भारतीयांच्या बोलीत मात्र गिरमिट म्हणजे मजुरीचा पाच वर्षांचा करार. दोन्ही शब्दांचा एकमेकांशी संबंध नाही. हा दुसरा गिरमिट आला इंग्रजी ‘अ‍ॅग्रीमेंट’वरून. आरंभीचा ‘अ’ गळाला, ‘ग्री’चा ‘गिर’ झाला, ‘मेंट’चे ‘मिट’ उरले. कागदावर अंगठा उठवणाऱ्यांनी तो कागद वाचला नव्हता, कानावर पडला तेवढाच शब्द बोटीवर नेला. पुढे पुरबियासारखा ‘इया’ लागला आणि करारातला माणूस गिरमिटिया झाला. दक्षिण आफ्रिकेतल्या गिरमिटियांविषयी लिहिताना गांधीजींनी आत्मकथेत ही व्युत्पत्ती सांगितली आहे.

फिजीत गिरमिटियांचे पहिले जहाज १८७९ साली लागले. १९१६ पर्यंत सुमारे ६० हजार माणसे तिथल्या उसाच्या मळ्यांत पोचली. त्यांच्या वंशजांपैकी सुब्रमणी हे इंग्रजीचे प्राध्यापक. २००१ साली त्यांनी ‘डउका पुरान’ ही कादंबरी लिहिली, तीही फिजी हिंदीत! शुद्ध हिंदीवाले जिला मोडकी म्हणून नाक मुरडतात, तीच ही बोली. मला हा निर्णय कुठल्याही जाहीरनाम्यापेक्षा धीट वाटतो. अमिताव घोष यांची ‘सी ऑफ पॉपीज’ (२००८) ही इंग्रजी कादंबरी अशाच मजुरांना मॉरिशसच्या वाटेवर नेते. तिचा गाजावाजा पुष्कळ झाला, तो रास्तच. पण मॉरिशसला कोकणातूनही मजूर गेले होते, आणि त्यांच्यावरची तशी कादंबरी मराठीत माझ्या तरी वाचनात नाही.