मानमोडी, राणीखेत, न्यूकॅसल : एका रोगाची तीन नावे

१/ आजच्या धाग्यात ना राजे आहेत, ना लढाया. विषय परसातील खुराड्याचा आहे. आठवडाभरात खुराडे रिकामे करणाऱ्या एका रोगाला तीन नावे मिळाली : एक आपल्या खेड्यांनी दिले, एक इंग्लंडमधील बंदराने आणि एक कुमाऊंमधील छावणीच्या गावाने. ही नावे कशी पडली, आणि लस सिद्ध होऊन पाऊणशेहून अधिक वर्षे उलटली तरी खुराडी अजून रिकामी का होतात, ते पाहू.

२/ आरंभ घरापासून करतो. माझ्या आजीकडे दहा-बारा गावठी कोंबड्या असत. अंड्यांचा पैसा तिचा स्वतःचा. त्यातून आमच्या वह्या येत, लग्नाचा आहेर निघे. एका उन्हाळ्यात पाच दिवसांत त्यांतल्या दोनच उरल्या. एकीची मान पिळवटलेली. दाणा टिपायला जाई आणि चोच भलतीकडेच पडे. आजी एवढेच म्हणाली, "मानमोडी आली गं बाई."

३/ 'मानमोडी' हा शब्द म्हणजे एका शब्दातील निदान. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरणारे लक्षण तेच रोगाचे नाव झाले. पण मान वळण्यापूर्वी पुष्कळ काही घडून गेलेले असते : कोंबडी पंख फुलवून कोपऱ्यात बसते, चोच उघडून श्वास घेते, हिरवट पातळ विष्ठा टाकते, अंडी अचानक थांबतात किंवा मऊ कवचाची येतात.

४/ येथेच या नावातील फसगत आहे. रोगाचा जोर तीव्र असेल, तर बहुतेक कोंबड्या मान वळण्याआधीच मरतात. वाकडी मान दिसते ती बहुधा पहिल्या तडाख्यातून वाचलेल्यांमध्ये. म्हणजे गावाला रोगाची ओळख पटेपर्यंत तो खुराड्यातून फिरून शेजारी गेलेला असतो.

५/ ही अडचण केवळ खेड्यांची नव्हती. एकोणिसाव्या शतकात युरोपातही कोंबड्यांची सरसकट मर एकाच सदरात पडे. १८७८ मध्ये इटलीत पेरोन्चितो यांनी कोंबड्यांच्या एका भयंकर साथीचे वर्णन केले. त्याच सुमारास पाश्चर कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर काम करीत होते. तो रोग जिवाणूंचा. १९०१ मध्ये मात्र इटलीतील त्या साथीचे कारण जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही पार जाते, असे आढळले. 'फाउल प्लेग' म्हणून ओळखला जाणारा तो रोग म्हणजेच आजचा बर्ड फ्लू.

६/ १९२६ मध्ये जावा बेटावर आणि इंग्लंडमधील न्यूकॅसल-अपॉन-टाइन या बंदराच्या परिसरात कोंबड्या झपाट्याने मरू लागल्या. प्रथम संशय फाउल प्लेगवरच गेला. पशुवैद्यक डॉयल यांनी १९२७ मध्ये दाखवले की, या नव्या रोगातून वाचलेल्या कोंबड्यांना फाउल प्लेगपासून संरक्षण मिळत नाही. अर्थात रोग दोन, विषाणू दोन.

७/ नावासाठी डॉयल यांनी लक्षणाऐवजी गावाचा आधार घेतला : न्यूकॅसल रोग. लक्षणावरून ठेवलेले नाव दुसऱ्या रोगाशी घोटाळा करील, अशी त्यांना धास्ती होती. ते नाव तात्पुरतेच असावे, अशी त्यांची कल्पना होती. पण ते चिकटले ते कायमचे. मान तर जीवनसत्त्वाच्या अभावानेही वळते. 'मानमोडी'शी ताडून पाहिले, की त्यांची सावधगिरी सार्थ वाटते.

८/ लगोलग, १९२७ च्या सुमारास, तोच रोग कुमाऊंमधील राणीखेत येथे नोंदला गेला. जवळच मुक्तेश्वर येथे सरकारी पशुवैद्यक संशोधन संस्था होती. तेथील एडवर्ड्स यांनी १९२८ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि भारतात 'राणीखेत' हे नाव रूढ झाले. आज गावोगावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत हेच नाव ऐकू येते. ते गाव कोठे आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

९/ या संस्थेचे मूळ आपल्या पुण्यात आहे. १८८९ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये 'इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी' सुरू झाली. जनावरांच्या घातक रोगांवर गजबजलेल्या शहरात प्रयोग करणे धोक्याचे, म्हणून १८९३ मध्ये ती मुक्तेश्वरच्या थंड, एकाकी डोंगरावर गेली. तिचा मुख्य शत्रू बैलांना मारणारा बुळकांडी रोग. बैल म्हणजे शेती आणि महसूल. कोंबडी या हिशेबात बरीच खाली होती.

१०/ मग रोग खरोखरच नवा होता का? स्कॉटलंडच्या पश्चिम बेटांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोंबड्यांचा असाच संहार झाला होता. तो याच रोगाचा असावा, असे मत पुढे मांडले गेले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे एक भेद ध्यानात ठेवावा : रोगाची पहिली नोंद आणि रोगाचा जन्म या एकच गोष्टी नव्हेत. जो मृत्यू कोणी मोजला नाही, तो दप्तरात येत नाही. परसातील कोंबडीचा मृत्यू कोण मोजणार?

११/ लस मात्र त्याच मुक्तेश्वरात तयार झाली. रोगाचा विषाणू उबवणीच्या अंड्यांतील गर्भात पुनःपुन्हा वाढवून सौम्य करण्यात आला. या कामावरील हॅडो आणि इदनानी यांचा निबंध १९४६ चा. 'मुक्तेश्वर' वाण, म्हणजेच आर-टू-बी, आजही वापरात आहे. तो लहान पिल्लांना सोसत नाही. म्हणून पिल्लांना पहिल्या आठवड्यात एफ किंवा लासोटा वाणाचा थेंब डोळ्यात वा नाकात देतात आणि आठ आठवड्यांच्या सुमारास आर-टू-बी टोचतात.

१२/ उपचाराचे काय? विषाणू मारणारे औषध नाही. प्रतिजैविक दिले तर फार तर मागून येणारे जिवाणू आवरतात. म्हणून निदानाला मोल आहे. रक्ती हगवण म्हणजे कॉक्सीडिओसिस, तिला औषध आहे. कॉलऱ्यावर वेळीच दिलेले औषध चालते. तुऱ्यावर खपल्या धरल्या तर देवी. पण लसीविना राहिलेल्या कळपात दोन-तीन दिवसांत अनेक कोंबड्या दगावल्या, तर आधी राणीखेतचाच संशय धरावा आणि पशुवैद्यकाला कळवावे.

१३/ तोवर काय करावे? आजाऱ्यांना वेगळे ठेवावे, मेलेल्या कोंबड्या चुन्यासह खोल पुराव्यात, कोंबड्यांची ये-जा थांबवावी. आजीने नेमके उलटे केले. पहिल्या दोन मेल्यावर तिने चार धडधाकट दिसणाऱ्या कोंबड्या बहिणीच्या घरी नेऊन ठेवल्या, त्या तरी वाचाव्यात म्हणून. आठवड्याने बहिणीचेही खुराडे रिकामे झाले. रोग अंगात शिरल्यावर काही दिवस कोंबडी निरोगीच दिसते, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

१४/ लस होतीच ना? होती, पण कुपी शेकडो मात्रांची. ती थंड ठेवावी लागते आणि एकदा विरघळवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. हजार पक्ष्यांच्या पोल्ट्रीला हे सोयीचे. दहा कोंबड्यांच्या बाईने उरलेल्या मात्रांचे काय करावे?

१५/ या प्रश्नाला गांभीर्याने भिडणाऱ्यांत ऑस्ट्रेलियाचे पीटर स्प्रॅडब्रो यांचे नाव अग्रभागी आहे. क्वीन्सलंड विद्यापीठात त्यांनी उष्णता सोसणाऱ्या व्ही-फोर आणि आय-टू या वाणांवर काम केले. पुढे मोझांबिक, टांझानिया अशा देशांतील खेड्यांत आय-टू लस डोळ्यातील थेंबाच्या रूपाने पोहोचली. ती देण्यासाठी गावातल्याच लोकांना, त्यांत अनेक स्त्रियांना, शिकवण्यात आले. सगळ्या परसांतील कोंबड्या एकाच दिवशी जमवल्या, की कुपी वाया जात नाही. उपाय लसीत जितका होता, तितकाच गावाच्या मेळात होता.

१६/ तीन नावांकडे पुन्हा पाहू. 'न्यूकॅसल' आणि 'राणीखेत' ही नावे रोग कोठे नोंदला गेला ते सांगतात. 'मानमोडी' सांगते की तो कोणी पाहिला : दारात बसून स्वतःच्या कोंबडीची मान वळताना पाहणाऱ्या बाईने. दप्तरात तिचे नाव नाही. तुमच्या घरी कोणी कोंबड्या पाळत असेल, तर आज एवढेच विचारा : लस कधी दिली होती? आणि शेजारणीच्या कोंबड्यांना?

(धागा समाप्त)