लोणारचा गाळ आणि चुंबकाची साक्ष

जालना जिल्ह्यातल्या एखाद्या ओढ्याच्या कोरड्या पात्रात कागदात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवून पाहा. बारीक काळे कण त्याला बिलगतात. हे मॅग्नेटाइट जातीचे खनिज. आपला काळा पाषाण झिजून ते वाळूत आले. गुरुजींनी वर्गात अवश्य दाखवावे. खर्च काहीच नाही.

हा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झाला. थिजताना त्यातल्या कणांनी पृथ्वीच्या चुंबकत्वाची त्या वेळची दिशा धरली, ती अजून सोडलेली नाही. १९५६ साली क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या खडकांतली ही दिशा प्रसिद्ध केली; हा मुलूख तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता असे त्यातून दिसले. पण ती फार दूरची गोष्ट झाली.

जवळची गोष्ट मंठ्याच्या उत्तरेस, बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारची. अशनीच्या आघाताने झालेले हे विवर सुमारे अठराशे मीटर रुंद आहे. पावसाचे पाणी काठची माती तळ्यात आणते आणि थरावर थर बसतो. चुंबकी कण जास्त, तर धूप जास्त, असा सरळ हिशेब कोणी मांडील. परंतु तळाच्या प्राणवायू नसलेल्या चिखलात हे कण विरघळतातही. म्हणजे साक्षीदार खरा, पण त्याची उलटतपासणी हवी. २००८ साली तळ्यातून सुमारे १० मीटर गाळाचा उभा गाभा काढला, तेव्हा संशोधकांनी तीच केली. पाणी आटून खारट झाले की गेलुसाइट नावाचे स्फटिक बनतात. तेही त्यांनी थरांत शोधले. थरांचे वय कार्बनच्या परीक्षेने ठरवले.

गाभ्यात सुमारे ११,००० वर्षांचा पाऊसपाण्याचा जमाखर्च निघाला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे अवर्षणाचे दोन लांब काळ दिसतात: एक ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. आपण १९७२ चा दुष्काळ सांगतो, २०१२ साली वाळलेल्या मोसंबीच्या बागा सांगतो. इथे तर कोरडी वर्षे पुन्हा पुन्हा, शतकानुशतके येत राहिली.

म्हणून जुन्या राज्यांचा प्रत्येक ऱ्हास दुष्काळाच्या माथी मारावा काय? इतिहासाचा अभ्यासक म्हणून मला ते पटत नाही. अजिंठ्याची नंतरची लेणी, वेरूळचे कैलास आणि खुद्द लोणारचे दैत्यसूदनाचे देऊळ, ही सारी कामे त्या दुसऱ्या कोरड्या काळातलीच आहेत.